शिल्लक रजा

बावीस वर्षं मी इतरांचे शेवटचे हिशेब केले,
रबाळे एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमागच्या खोलीत.
खिडकीला जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट.
पैसे त्या फटीतून बाहेर जायचे,
आत यायच्या लॉकरच्या किल्ल्या, ओळखपत्रं,
एकदा तर एकाने टोपीसुद्धा सारली आत,
म्हणाला, कंपनीची आहे, ठेवा.

आज मी फटीच्या या बाजूला उभा.
इथून टेबल दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं.
निनादचं मनगट दिसतं, त्यावरचं काळं घड्याळ
आणि आवाज येतो :
"कर्णिककाका, सिस्टीममध्ये अजून आलं नाही."

हे वाक्य मीच त्याला शिकवलं.

नो ड्यूजवर सात सह्या झाल्या.
स्टोअर, कँटीन, गेट.
सेफ्टीवाल्याने बुटांचे सहाशे चाळीस कापले.
बूट परत केले होते मी.
म्हणाला, सोल झिजलेत.

मग राहिली रजा. एकसष्ट दिवस.
कागदावर आकडा आहे नुसता, पण मला एकेक दिवस ओळखू येतो.
चार दिवस हिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे,
तेव्हा ऑडिट होतं, शेजारच्या टिपणीसबाई गेल्या सोबत.
दोन भाचीच्या लग्नाचे. पोचलो तेव्हा मांडव सोडत होते,
एकाही फोटोत मी नाही.
एक दिवस असाच, कशासाठी नव्हे,
ऐरोलीच्या घरी गॅलरीत बसून
खाडीकडून येणारा खारट वारा खायचा होता.
तोही मार्च एंडिंगमध्ये गेला.

"तीसच्या वरची रजा व्ययगत होते," निनाद वाचून दाखवतो.
व्ययगत नाही रे, व्यपगत.
दोन हजार नऊ साली साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं,
चूक माझी,
अजून तशीच आहे, पाटीवर लावल्यासारखी.
तेव्हा एकतीस दिवस आपलेही असतील
असं काही बोटांना वाटलं नव्हतं.

दमयंती भोईर, पॅकिंग, गोठिवलीची.
अठरा दिवसांची रजा आणि नऊ दिवसांचा पगार.
कायदा दोन दिवस म्हणतो,
ती तीन महिने आली, दर सोमवारी,
मासळीबाजार आटोपून, साडेअकराच्या सुमाराला.
मी म्हणायचो, सिस्टीममध्ये आलं नाही.
सिस्टीम म्हणजे माझा डावीकडचा खण.
चेक त्यात होता, सहीसकट.
साहेब म्हणाले होते, थांबव जरा, फार बोलते ती.

ती बोलली नाही फार.
शेवटच्या सोमवारी एवढंच म्हणाली,
"नाय म्हनतंस ना, मंग नाय असा लिहून दे."

मी पेन उचललं. ठेवलं.
नाही म्हणायला जीभ पुरते,
लिहायला हात लागतो, आणि हाताखाली नाव.
ती सरळ कामगार कार्यालयात गेली.
नोटीस आली त्या दिवशी खण उघडला,
चेकची मुदत संपायला चार दिवस होते.

बाहेर बाकडं आहे, तिथे बसलो.
एक पाय आखूड आहे त्याचा.
बावीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही,
किंवा केली असेल, जाळीपर्यंत पोचली नसेल.
डुगडुगत बसलो जरा वेळ, मग उठलो,
फटीशी वाकलो. कंबर धरते आता.

"निनाद," म्हटलं, "मिळणार नाही ना?
मग नाही असं लिहून दे.
तारीख घाल. खाली तुझं नाव."

मनगट थबकलं.
घड्याळाचा काटा तेवढा चालू होता.

याचं उत्तर मी त्याला शिकवलेलं नाही.
मलाच येत नव्हतं.